लिबियात बंदुका मोजू नका, कोठड्या मोजा

10 ऑक्टोबर 2013 रोजी पहाटे त्रिपोलीतल्या कॉरिंथिया हॉटेलातून लिबियाचे पंतप्रधान अली झैदान यांना बंदूकधारी उचलून घेऊन गेले. काही तासांनी ते सुटले. जगाने याला अपहरण म्हटलं. नेणारे मात्र सांगत होते, की ही अटक आहे आणि ती सरकारी वकिलाच्या हुकमाने केली आहे. असा हुकूम दिल्याचं त्या कार्यालयाने नाकारलं. पण नेणारे होते कोण? ‘लिबियन क्रांतिकारकांचा कार्यकक्ष’ नावाची फौज. त्याच वर्षी खुद्द संसदेच्या अध्यक्षांनी तिच्यावर राजधानीच्या सुरक्षेचं काम सोपवलं होतं. पंतप्रधानांना ठेवलं होतं तेही गृहमंत्रालयाच्याच गुन्हेविरोधी विभागाकडे. पगार सरकारचा, जागा सरकारची, आणि ओलीस सरकारचाच प्रमुख.

निमित्त होतं पाच दिवसांपूर्वीचं. अमेरिकेच्या कमांडोंनी त्रिपोलीच्या रस्त्यावरून अल-कायदाचा संशयित अबू अनस अल-लिबी याला पकडून देशाबाहेर नेलं होतं, आणि झैदान यांनी त्याला संमती दिली असा संशय होता. म्हणजे परक्या देशाने कोर्टाचा कागद न दाखवता एक माणूस उचलला, तर देशातल्या गटाने त्याच पद्धतीने पंतप्रधान उचलला. चार वर्षांनी, ऑगस्ट 2017 मध्ये, माजी पंतप्रधान म्हणून त्रिपोलीत आलेल्या याच झैदान यांना दुसऱ्या एका गटाने पुन्हा हॉटेलातूनच नेलं. या वेळी सुटायला आठवड्याहून जास्त काळ लागला.

लिबियाबद्दल बोलताना एक निदान ठरून गेलेलं आहे. पोलीस दुबळे आहेत, हत्यारं फार झाली आहेत, म्हणून टोळ्या माजल्या आणि अपहरणं वाढली. उपायही ठरलेला: पोलिसांना प्रशिक्षण द्या, हत्यारं जमा करा, टोळ्यांना सैन्यात सामावून घ्या. हे निदान अर्धवट आहे आणि उपायाचा क्रम उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. लिबियातला अपहरणकर्ता बहुतेक वेळा सरकारच्या बाहेरचा नसतो, त्याच्या खिशात सरकारी ओळखपत्र असतं. पोलीस कमी आहेत हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण ही, की माणसाला डांबून ठेवण्याचा अधिकार तिथे डझनभर मालकांकडे आहे. सुधारणेला सुरुवात करायचीच तर ती कोठडीपासून करावी लागेल. बंदूक नंतर.

आपल्याकडे 1989 चं काश्मीरमधलं रुबैया सईद प्रकरण किंवा 1999 चं कंदाहार आठवणाऱ्यांना अपहरण म्हणजे राज्याच्या शत्रूने राज्याशी केलेली सौदेबाजी वाटते. लिबियात दोन्ही बाजूंचा पगार एकाच मध्यवर्ती बँकेतून निघतो, हा फरक आधी मनात पक्का करायला हवा.

मुकादमाच्या हातचा पगार

2011 मध्ये गद्दाफीची राजवट कोसळली तेव्हा गावोगावच्या लढणाऱ्या तुकड्या, तिथल्या भाषेत ‘कतीबा’, आपापल्या बंदुकांसह उभ्या होत्या. साधारण 70 लाख वस्तीचा देश. प्रत्यक्ष लढलेले त्या मानाने थोडेच. पण ‘क्रांतिकारक’ म्हणून नाव नोंदवायची सोय झाली आणि आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. 2012 च्या सुरुवातीला हंगामी सरकारने एकरकमी बक्षीस जाहीर केलं: अविवाहिताला 2,400 दिनार, विवाहिताला 4,000. याद्या तयार केल्या त्या स्थानिक गटांनीच. मग व्हायचं तेच झालं. एकाच माणसाचं नाव दोन-तीन याद्यांत आलं, काही मेलेल्यांचीही नावं आली, आणि एप्रिलमध्ये सरकारला वाटप थांबवावं लागलं. मे महिन्यात पैसे न मिळालेले बंदूकधारी पंतप्रधानांच्या कार्यालयावर चालून गेले आणि गोळीबार झाला.

खरी चूक मात्र बक्षिसाची नव्हती. गृहमंत्रालयाने ‘सर्वोच्च सुरक्षा समिती’ काढली, सैन्याच्या छत्राखाली ‘लिबिया शील्ड’ निघालं, आणि दोन्हींत अख्ख्याच्या अख्ख्या कतीबा आपल्या म्होरक्यासह भरती करून घेतल्या गेल्या. पगार नियमित पोलिसापेक्षा जास्त. ऊसतोडीत कारखान्याचा पैसा मुकादमाच्या हातून टोळीपर्यंत जातो आणि मजूर कारखान्याला नव्हे तर मुकादमाला ओळखतो, तसंच इथे झालं. मंत्रालयाला माणसं मिळाली असं वाटलं. प्रत्यक्षात म्होरक्याला हजेरीपट मिळाला. ज्याची यादी त्याची फौज. नियमित पोलिसाने हे सगळं पाहिलं आणि तो घरी बसला. पगार घरी बसूनही येत होता. ठाण्यात जायचं तर कंबरेला पिस्तूल, आणि समोर पिकअप गाडीवर चढवलेली 14.5 किंवा 23 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ.

बाहेरून पोलीस आणि सैनिक घडवून आणण्याचा प्रयोगही होऊन गेला. 2014 मध्ये ब्रिटनने केंब्रिजशायरमधल्या बासिंगबोर्न छावणीत 2,000 लिबियन जवान तयार करायचं ठरवलं होतं. पहिल्या तुकडीतले सुमारे 300 आले. काहींनी केंब्रिज शहरात लैंगिक हल्ले केले आणि नोव्हेंबरात सगळ्यांना परत पाठवावं लागलं. पण हा प्रकार घडला नसता तरी काय झालं असतं? ती मुलं परत जाऊन कोणाच्या हाताखाली उभी राहणार होती, हे ठरलेलंच नव्हतं.

कैदी हे भांडवल

19 नोव्हेंबर 2011 ला झिंतानच्या लढवय्यांनी सैफ अल-इस्लाम गद्दाफीला वाळवंटात पकडलं. काही दिवसांतच नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं आणि झिंतानच्या लष्करी परिषदेचे प्रमुख ओसामा जुवेली संरक्षणमंत्री झाले. या दोन गोष्टींचा संबंध लिबियात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. झिंतान हे डोंगरातलं लहान गाव. पण त्याच्या तुरुंगात देशातला सर्वांत किमती कैदी होता. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला मागितलं, त्रिपोलीच्या न्यायालयाने मागितलं. झिंतानने कोणालाच दिलं नाही. जून 2012 मध्ये त्याला भेटायला आलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या वकील मेलिंडा टेलर आणि तिघा सहकाऱ्यांनाच झिंतानने जवळजवळ चार आठवडे डांबून ठेवलं. 2015 मध्ये त्रिपोलीत सैफला मृत्युदंड सुनावला गेला तेव्हा आरोपी झिंतानमध्येच होता, आणि 2017 मध्ये त्याला सोडण्याचा निर्णयही त्याला सांभाळणाऱ्यांनीच जाहीर केला.

बाकीच्या गावांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. मे 2012 मध्ये आलेला 38 क्रमांकाचा कायदा तर या धड्यावर शिक्काच होता. ‘17 फेब्रुवारीच्या क्रांतीसाठी आवश्यक’ ठरलेल्या कृत्यांबद्दल क्रांतिकारकांना शिक्षेतून सूट! त्याच कायद्यात कैदी 12 जुलै 2012 पर्यंत सरकारकडे सोपवा किंवा सोडा असंही म्हटलं होतं. सूट लागू झाली, मुदत कोणी पाळली नाही. पुढच्या वर्षी 10 क्रमांकाच्या कायद्याने छळ आणि माणूस गायब करणं हे गुन्हे ठरवले, 29 क्रमांकाच्या कायद्याने कैद्यांची छाननी 90 दिवसांत करायला सांगितली. कायदे वाईट नाहीत. त्यांना अंमल करण्यासाठी लागणारी कोठडी मात्र दुसऱ्याच्या ताब्यात होती.

सौदा कसा चालतो

रस्त्यावर ‘बवाबा’ असते, म्हणजे नाका. चार पिंपं, एक पिकअप, दोन पोरं. ओळखपत्रावरचं आडनाव आणि जन्मगाव पाहिलं जातं. लिबियात आडनावावरून टोळी आणि गाव कळतं, त्यामुळे वैयक्तिक वैर नसलं तरी चालतं; झाविया, वार्शेफाना, झिंतान यांच्या आपसांतल्या चकमकींच्या वर्षांत माणसं उचलली गेली ती निव्वळ गावावरून. अ गावाने ब गावाचा माणूस धरला, की ब गाव अ चे दोन धरतं. ज्याला धरलं त्याने काही केलेलं नसतं. तो बदलीसाठी लागणारा ऐवज असतो.

घरचे पोलिस ठाण्यात जातात, पण तक्रार लिहून घेणारा शिपाई त्याच वस्तीत राहतो. माणूस कोणाकडे आहे हे त्याला बहुधा ठाऊक असतं आणि म्हणूनच तो कागदावर लिहीत नाही. मग खरी धावपळ सुरू होते ती ‘हुकमा’कडे, गावच्या जाणत्या वडीलधाऱ्यांकडे. ते समोरच्या गावच्या वडीलधाऱ्यांना गाठतात. पहिला प्रश्न असतो, माणूस नेमका कोणाकडे आहे. हाच भाग सर्वांत कठीण, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत कैदी एका गटाकडून दुसऱ्याकडे जातो, कधी विकला जातो. दुसरा प्रश्न, बदल्यात काय हवं: आपला माणूस, पैसा, की एखादा सरकारी निर्णय. वडीलधाऱ्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्यांना नावं ठेवायचा कोणाला अधिकार नाही. पण त्यांच्या मार्गाने सुटका झाली, की अपहरण करणाऱ्यावर गुन्हा नोंदवायचा नाही ही अट त्यातच आलेली असते. एकदा सुल्ह झाला, म्हणजे सलोखा झाला, की प्रकरण मिटलं.

मिटलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण बनी वलीद. जुलै 2012 मध्ये, गद्दाफीला पकडणाऱ्यांपैकी मिसराताच्या एका तरुणाला बनी वलीदमध्ये धरण्यात आलं. गोळ्या लागलेल्या अवस्थेत तो दोनेक महिने कैदेत होता. संसदेचे अध्यक्ष मोहम्मद मगारियाफ यांनी मध्यस्थी करून त्याला सोडवलं, पण सप्टेंबरात तो पॅरिसच्या इस्पितळात वारला. संसदेने 7 क्रमांकाचा ठराव करून गुन्हेगारांना हजर करण्याचा हुकूम काढला. तो बजावायला पोलीस नव्हते, म्हणून तो बजावला मिसराताच्याच फौजांनी, ‘शील्ड’च्या सरकारी नावाखाली. शहराला वेढा पडला, तोफा चालल्या, 24 ऑक्टोबरला शहर पडलं, हजारो कुटुंबं परागंदा झाली. वॉरंट बजावण्यासाठी फिर्यादीच्याच भावकीला तोफा देऊन पाठवलं, तर याहून वेगळं काय होणार होतं?

परदेशी वकिलातींना हा बाजारभाव लवकर कळला. जानेवारी 2014 मध्ये इजिप्तने, झैदान यांना उचलणाऱ्या त्या ‘कार्यकक्षा’चा प्रमुख शाबान हादिया याला अलेक्झांड्रियात अटक केली, लगोलग त्रिपोलीतून इजिप्तच्या वकिलातीचे पाच जण उचलले गेले, काही दिवसांत हादिया सुटला आणि तेही सुटले. एप्रिलमध्ये जॉर्डनचे राजदूत फवाझ अल-इतान यांना नेलं. 13 मे रोजी ते घरी परतले, बदल्यात जॉर्डनने अम्मानच्या विमानतळावरील स्फोटाच्या कटात जन्मठेप भोगणारा लिबियन कैदी देऊन टाकला. जून 2015 मध्ये ट्युनिशियाने एका गटाचा म्होरक्या धरून ठेवला, तर त्रिपोलीतल्या त्यांच्या वकिलातीचे दहा कर्मचारी आत गेले. आठवड्याभरात दोन्हीकडचे बाहेर. जॉर्डनला दोष देणं सोपं आहे. आपला राजदूत परत आणणारं सरकार चुकलं असं मी म्हणणार नाही. मात्र त्या सुटकेची किंमत पुढच्या राजदूतांनी भरली.

भारतीय कामगारही यात सापडले. जुलै 2015 मध्ये सिर्त विद्यापीठात शिकवणाऱ्या चार भारतीयांना पकडलं गेलं. दोघे दोन दिवसांत सुटले, उरलेल्या दोघांना वर्षाहून जास्त काळ काढावा लागला. सप्टेंबर 2020 मध्ये मायदेशी यायला विमानतळाकडे निघालेले सात भारतीय श्वेरिफजवळ धरले गेले आणि 11 ऑक्टोबरला सुटले. ट्युनिसमधल्या भारतीय दूतावासाने लिबियन अधिकाऱ्यांमार्फत खटपट केली. श्वेरिफ हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. हसौनाच्या विहिरींमधून वाळवंटाखालचं पाणी त्रिपोलीला नेणाऱ्या ‘मानवनिर्मित महानदी’च्या वाटेवर ते येतं. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या एका गटाने नातेवाइकांच्या सुटकेसाठी पाणी बंद केलं. वीस लाखांहून जास्त लोकांचे नळ कोरडे पडले, तेही कोरोनाच्या साथीत आणि राजधानीवर तोफा पडत असताना. 2017 मध्येही हेच झालं होतं, कारण त्या गटाच्या म्होरक्याला त्रिपोलीतल्या ‘रदा’ या फौजेने पकडलं होतं. एक माणूस एका तुरुंगात, त्याच्या बदल्यात आख्खं शहर ओलीस.

‘एकच खंबीर सत्ता हवी’ म्हणणाऱ्यांसाठी

या गोंधळावर ठरावीक उतारा सुचवला जातो: एकाच खंबीर माणसाच्या हातात सगळं द्या. तर मग बेनगाझीकडे पाहू. पूर्वेत खलिफा हफ्तार यांच्या सैन्याची एकछत्री सत्ता आहे. त्रिपोलीसारखी गल्लीगल्लीतली चुरस तिथे नाही. 17 जुलै 2019 च्या रात्री त्याच बेनगाझीत खासदार सिहाम सर्गिवा यांच्या घरात बंदूकधारी शिरले, त्यांच्या पतीच्या पायात गोळ्या घातल्या आणि त्यांना घेऊन गेले. हफ्तार यांच्या त्रिपोलीवरच्या हल्ल्याविरुद्ध त्या नुकत्याच बोलल्या होत्या. जाताना भिंतीवर लिहून ठेवलं, सैन्य ही लाल रेषा आहे. त्या परतल्या नाहीत. मे 2024 मध्ये खासदार इब्राहिम अल-दरसी नाहीसे झाले, तेही हफ्तार यांच्या सैन्याच्या वर्धापनदिनाच्या संचलनाला हजेरी लावून घरी आल्यावर. वर्षभराने गळ्यात साखळी घातलेली त्यांची छायाचित्रं बाहेर आली.

म्हणजे गटांची चुरस नसली तरी राजकीय अपहरण थांबत नाही. फरक एवढाच, की चुरस असलेल्या शहरात कैद्याच्या बदल्यात सौदा होतो, म्हणून तो जिवंत राहण्याची शक्यता जास्त. एकछत्री शहरात सौदा करायला समोर कोणी नसतं. हे विधान कडू आहे, पण दोन्ही शहरांतली उदाहरणं शेजारी ठेवली तर दुसरं काही दिसत नाही.

एका अटकेने पेटलेलं शहर

14 ऑगस्ट 2023 ला त्रिपोलीच्या मिटीगा विमानतळावर 444 ब्रिगेडचे प्रमुख महमूद हमझा यांना ‘रदा’ने ताब्यात घेतलं. दोन्ही दलं सरकारी, दोन्हींचे गणवेश सरकारी. दोन दिवसांच्या लढाईत 55 माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. लढाई संपली ती न्यायालयाच्या हुकमाने नव्हे. वडीलधाऱ्यांनी तोड काढली, की हमझाला तिसऱ्या, तटस्थ गटाकडे द्यायचं. हा तटस्थ गट होता अब्देल घनी अल-किक्ली ऊर्फ घनेवा याची ‘स्थैर्य साहाय्य यंत्रणा’. जानेवारी 2021 मध्ये सरकारी आदेशाने ती निघाली तेव्हा अबू सलीम वस्तीवर घनेवाचा अंमल आधीपासून होताच. पुढे 12 मे 2025 ला हाच घनेवा 444 ब्रिगेडच्या तळावर बैठकीला गेला आणि तिथेच मारला गेला. आठवड्याभरात त्याच्या अमलाखालच्या भागातल्या एका इस्पितळाच्या शवागारात 58 अनोळखी मृतदेह सापडल्याचं गृहमंत्रालयाने जाहीर केलं.

त्या 58 जणांना कोणी, कधी, कशासाठी ठेवलं होतं? एकाही वहीत नोंद नाही. सरकारी पगार घेणाऱ्या यंत्रणेच्या हद्दीत माणसं शीतकपाटात पोचली आणि मधल्या प्रवासाचा कागद नाही. बंदुका जमा केल्या असत्या तर हे टळलं असतं का? कदाचित. नोंदवही असती तर निदान लपलं नसतं.

बँकेचंही तेच. 18 ऑगस्ट 2024 ला मध्यवर्ती बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाला घरातून उचललं गेलं, आणखी अधिकाऱ्यांना धमक्या आल्या. गव्हर्नर सादिक अल-कबीर यांनी बँकेचं कामकाजच थांबवलं, दुसऱ्या दिवशी माणूस परत आला. महिना संपायच्या आत गव्हर्नर स्वतः देशाबाहेर होते आणि तेलाचं उत्पादन बंद पडू लागलं होतं. तेलाचा सगळा पैसा ज्या बँकेत येतो, तिचा संगणक चालवणारा माणूस हाती असणं किती मोलाचं, हे गटांना समजतं. 2017 च्या सुमाराला सरकारी दराने डॉलर दीड दिनाराच्या आत आणि काळ्या बाजारात नऊच्या आसपास होता. सरकारी दराने डॉलर मिळवून देणारी आयातीची पतपत्रं मंजूर करणाऱ्या बँक व्यवस्थापकांना उचलण्याचं गणित तेव्हापासूनचं आहे.

तर करायचं काय

पहिलं काम: पकडणारा आणि ठेवणारा वेगळा. लिबियाच्या फौजदारी प्रक्रियेत पोलिसांनी 48 तासांत आरोपीला सरकारी वकिलापुढे नेणं बंधनकारक आहेच. ‘रदा’ला अटक करू द्या, पण रात्र काढायला आरोपी न्यायमंत्रालयाच्या न्यायिक पोलिसांच्या कोठडीत गेला पाहिजे. इथे जाणकार हसतील, कारण कागदावर मिटीगा विमानतळावरचा तुरुंगही न्यायिक पोलिसांचाच होता. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालानुसार तिथे सुमारे 2,600 माणसं होती आणि सत्ता ‘रदा’ची चालत होती. पाटी बदलली, किल्ली नाही. म्हणून पाटीवर भागणार नाही. पहारेकरी त्या गटाच्या वस्तीतले नसावेत, त्यांचा पगार गटाच्या यादीतून येऊ नये, आणि तुरुंग गटाच्या तळाच्या भिंतीआड नसावा. एकाच वेळी देशभर हे जमणार नाही. त्रिपोलीत दोन इमारतींपासून सुरुवात झाली तरी चालेल.

दुसरं, नोंदवही. बांधीव, पानांवर छापील अनुक्रमांक असलेली. रकाने थोडेच हवेत: नाव आणि राष्ट्रीय ओळख क्रमांक, पकडल्याची वेळ आणि जागा, पकडणाऱ्या माणसाचं नाव, गटाचं नव्हे, सरकारी वकिलाच्या हुकमाचा क्रमांक, आत येताना अंगावरच्या खुणा, डॉक्टरच्या सहीने, घरच्यांना कळवल्याची वेळ, हलवलं तर कुठे. एक प्रत कोठडीत, एक वकिलाकडे, एक घरच्यांकडे. हे बिघडतं कुठे तेही माहीत आहे. वही मागाहून भरली जाते. तपासणीच्या आदल्या रात्री कैदी ‘बदली’ होऊन दुसरीकडे जातो आणि दोन्हीकडच्या वह्यांतून निसटतो. म्हणून बदलीची नोंद दोन्ही टोकांच्या सह्यांशिवाय पुरी धरायची नाही, आणि पाहणी आगाऊ न कळवता करायची. आपल्याकडे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये अशाच नोंदी बंधनकारक केल्या. त्यानंतरही इथे कोठडीतले मृत्यू थांबले नाहीत, हे कोणाला सांगायला नको. पण तेव्हापासून ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच’ असं म्हणणाऱ्या पोलिसाला काहीतरी दाखवावं लागतं. त्रिपोलीत आज तेवढंही लागत नाही.

तिसरं, पगार. 2014 नंतर राष्ट्रीय ओळख क्रमांक पगाराशी जोडायला सुरुवात झाली आणि दुबार पगारांना काही आळा बसला. यादीत कोण राहील हे मात्र म्होरक्याच ठरवतो. यादी मंत्रालयाची हवी, पैसा थेट माणसाच्या खात्यात हवा, आणि गटाच्या नावाने जाणारं ठोक अनुदान, म्हणजे गाड्या, इंधन, ‘मोहीम खर्च’, हे त्या गटाकडच्या कोठडीच्या वहीवर अवलंबून ठेवायचं. वही नाही, अनुदान नाही. वैयक्तिक पगार मात्र अडवायचा नाही; तो अडवला की पोरं म्होरक्यामागे आणखी घट्ट उभी राहतात, 2012 चा मे महिना त्याचा पुरावा आहे. बँकेच्या माणसालाच पुन्हा उचलतील, ही भीती खोटी नाही. म्हणून अडवण्याचा निर्णय एका अधिकाऱ्याच्या सहीवर ठेवू नये. जो निर्णय एका सहीने बदलतो, त्यासाठीच ती सही करणारा उचलला जातो.

आक्षेप येईल, की ‘रदा’ नसती तर त्रिपोली इस्लामिक स्टेटच्या आणि अमली पदार्थवाल्यांच्या हाती गेली असती. यात तथ्य आहे. मँचेस्टर स्फोटातल्या हल्लेखोराच्या भावाला 2017 मध्ये ‘रदा’नेच पकडलं आणि 2019 मध्ये ब्रिटनच्या हवाली केलं. तो खटला ब्रिटनच्या न्यायालयात उभा राहिला, कारण सुपूर्द करण्याची रीतसर प्रक्रिया झाली. कागद केला की गुन्हेगार सुटतो, या समजुतीला हे ‘रदा’चंच उत्तर आहे.

युरोपचा हात स्वच्छ नाही हेही सांगून टाकतो. 19 जानेवारी 2025 ला इटलीतल्या तुरिनमध्ये लिबियाच्या न्यायिक पोलिसांचा अधिकारी ओसामा नजीम याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर अटक झाली. मिटीगा तुरुंगातल्या छळाचे आरोप त्याच्यावर होते. दोन दिवसांत इटलीने त्याला सोडलं आणि सरकारी विमानाने घरी पोचवलं. समुद्रापलीकडून येणाऱ्या स्थलांतरितांना अडवणारी माणसं ज्यांना हवी आहेत, त्यांना तिथल्या कोठड्यांच्या वह्या नको असतात. याच नजीमला नोव्हेंबर 2025 मध्ये लिबियाच्या महाअभियोक्त्यांनी कैद्यांच्या छळाच्या आरोपावरून कोठडीत घेण्याचा हुकूम दिला. त्रिपोलीत ही बातमी आली तेव्हा विचारायला हवं होतं ते एवढंच: ती कोठडी कोणाच्या तळावर आहे, आणि तिथल्या वहीत त्याचं नाव किती वाजता लिहिलं गेलं.